उल्कानगरीचा उसना पत्ता

मी एक जुना राउटर आहे. म्हणजे इंटरनेट इकडून तिकडे पोचवणारा, तळहाताएवढा, काळा, चपटा डबा. नाव भारदस्त, काम त्याहून भारदस्त आणि मानपान मात्र शून्य. तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद टीव्हीमागे धूळ खात पडलेला असेल. त्याचं तोंड तुम्ही कधी नीट पाहिलं नसेल. नेट बंद पडलं की मात्र सगळं घर त्याच्याभोवती गोळा होतं आणि कुणीतरी त्याच्या पाठीत एक धपाटा घालतं. चालतो तोवर आम्ही कुणाच्या खिजगणतीत नसतो.

माझं नशीब थोडं वेगळं निघालं, मित्रांनो. या घरात माझी जेवढी निगा राखली गेली तेवढी फक्त देवांची राखली जाते. आणि तरीही माझ्याइतका फसवला गेलेला डबा तुम्हाला शोधून सापडायचा नाही. मी एकटा फसलो असतो तर गप्प बसलो असतो. आमच्या जातीला बोलायची सवय नसते. पण माझ्याबरोबर उमाकाकू फसल्या, म्हणून मला बोलावं लागतंय.

माझा जन्म कुठल्या देशातल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेले हात आठवतात. मग एका जहाजातला अंधार आणि मग कॅनडातल्या एका झगमगीत दुकानातली फळी. तिथून मला वरदनं उचललं. वरद म्हणजे उमाकाकू आणि व्यंकटराव यांचा एकुलता एक मुलगा. संगणकाच्या नोकरीसाठी तो तिकडे गेला आणि बायको मृण्मयीसह तिकडचाच झाला. दिवाळीला घरी येताना त्यानं मला आपल्या लोकरी पायमोज्यात गुंडाळलं, चॉकलेटच्या पुड्यांमध्ये खुपसलं आणि छत्रपती संभाजीनगरला, उल्कानगरीतल्या आपल्या आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये आणलं.

बॅग उघडली तेव्हा काय काय निघालं! काकूंसाठी अत्तर, व्यंकटरावांसाठी बर्फात घालायचा जाडजूड कोट आणि मी. कोट पाहून व्यंकटराव म्हणाले, "हा घालून काय फ्रीजमध्ये बसू का?" मला पाहून मात्र कुणी हसलं नाही, कारण मी काय आहे हे कुणाला कळलंच नाही.

वरद म्हणाला, "आई, हा खास तुमच्यासाठी आणलाय. आता व्हिडिओ कॉल कसा झकास लागतो बघ."

माझ्या आयुष्यातलं हे पहिलं खोटं. तेव्हा ते मला कळलं नाही. मी आपला फुगलो.

घरात नेटवाल्याचा एक डबा आधीपासून होताच. घराचं सगळं नेट त्याच्यावर चालायचं. वरदनं एक वायर जोडून मला त्याच्या शेजारी, टीव्हीच्या कपाटावर बसवलं. दुपारभर लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यानं माझी शिकवणी घेतली. मग माझा हिरवा दिवा लागला आणि त्यानं काकूंना हाक मारली.

"आई, हा कधीच बंद करायचा नाही. लाइट गेली, तर आल्यावर हे मागचं बटन दाबायचं. विसरायचं नाही. हा हिरवा दिवा जळतोय ना, तोवर मी घरातच आहे असं समज."

काकूंनी मान डोलावली. ते शेवटचं वाक्य त्यांनी पदराला गाठ मारून ठेवलं.

आता माझं खरं काम सांगतो. आपल्याकडच्या मालिका, सिनेमे, क्रिकेटचे सामने आता नेटवरून टीव्हीवर दिसतात. पण ते दाखवणाऱ्या कंपन्यांचा एक नियम असतो. इथलं दुकान इथल्यांसाठी, तिथलं तिथल्यांसाठी. कॅनडातल्या टीव्हीनं इथलं दार ठोठावलं की कंपनी विचारते, "तू कुठला?" कॅनडाचा म्हटलं की दार बंद. वरदला तर इथलंच सगळं पाहायचं होतं. म्हणून त्यानं मला इथं आणून बसवलं. त्याच्या घरातला टीव्ही आधी गुपचूप माझ्याकडे यायचा. मग मी पुढे होऊन कंपनीचं दार वाजवायचो आणि सांगायचो, "मी उल्कानगरीचा, घरचाच माणूस." दार उघडायचं. जे मिळेल ते मी उचलायचो आणि सात समुद्रांपलीकडे पाठवून द्यायचो. या घराचा पत्ता मी रोज त्याला उसना द्यायचो म्हणा ना.

त्या कंपनीच्या हिशेबी वरद रोज आईवडिलांच्या हॉलमध्ये बसून टीव्ही पाहत होता. तो घरात नाही हे फक्त त्याच्या आईवडिलांनाच ठाऊक होतं.

पहिली काही वर्षं मी अगदी मन लावून काम केलं. इथली सकाळ म्हणजे तिथली संध्याकाळ. काकू तुळशीला पाणी घालत असायच्या तेव्हा तिकडे वरद सोफ्यावर पाय पसरून बसायचा आणि माझी धावपळ सुरू व्हायची. अंग तापायचं. पण काकू आल्या की थकवा जायचा. जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं त्या मला रोज पुसायच्या. दिव्यावर बोट ठेवून, तो जळतोय ना, याची खात्री करायच्या आणि मगच चहाला आधण ठेवायच्या.

मित्रांनो, नवरात्रात घट बसले की देवापुढचा दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नसतो, हे तुम्हाला माहीत असेलच. त्या दिवसांत घराला कुलूप लावून सगळ्यांना जाता येत नाही. दिव्यात तेल घालायला कुणीतरी मागे राहावंच लागतं. काकूंच्या माहेरी आणि सासरी हा नियम कसोशीनं पाळलेला. त्यांनी तोच मला लावला. नियम नऊ दिवसांचा, माझ्या वाट्याला मात्र बारा महिने आला. दसऱ्याला सगळे आपापली हत्यारं पुजतात. काकू मला हळदकुंकू लावायच्या आणि माझ्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवायच्या.

"अहो, आरती पण म्हणा की त्याची," व्यंकटराव चिडवायचे.

"म्हणीन," काकू म्हणायच्या. "तुम्ही टाळ घेऊन बसा."

व्यंकटराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सारी हयात कालव्याच्या पाण्याची वाटणी करण्यात गेलेली, त्यामुळे स्वभाव थोडा तिरका आणि जीभ त्याहून. पण बायकोच्या नियमाविरुद्ध ते कधी गेले नाहीत. घरचा इन्व्हर्टर लहान. लाइट गेली की पंखा आणि मी, दोघांना तो फार वेळ ओढू शकायचा नाही. मग उन्हाळ्याच्या भर दुपारी, अंगाची लाही लाही होत असताना, व्यंकटराव स्वतः उठून पंख्याचं बटन बंद करायचे आणि वर्तमानपत्रानं वारा घेत बसायचे. "पोराचा दिवा जळू द्या," म्हणायचे. त्यांनी न घेतलेला तो पंख्याचा वारा मी अजून विसरलेलो नाही.

आणि प्रेरणाचं लग्न? तेही ऐका. प्रेरणा ही काकूंच्या गंगापूरच्या भावाची मुलगी. सख्खी आत्या म्हणजे लग्नात किती मिरवायचं असतं! काकूंनी पैठणी काढून ठेवली होती, इस्त्रीसुद्धा केली होती. पण त्या आठवड्यात लाइट सारखी ये-जा करत होती आणि लाइट आली की माझं बटन दाबायला माणूस हवा होता. अखेर व्यंकटराव एकटे एसटीनं जाऊन अक्षता टाकून आले. भावानं वर्षभर अबोला धरला. "माझ्या पोरीच्या लग्नापेक्षा तुला तो डबा मोठा झाला काय?" असं त्यानं फोनवर विचारलं होतं. पैठणी पुन्हा कपाटात गेली.

हे सगळं कशासाठी, तर हिरवा दिवा जळतोय तोवर वरद घरात आहे म्हणून.

वरदचे फोन सुरुवातीला दर रविवारी यायचे. मग महिन्यातून एखादा. मग नुसते निरोप. 'आई, कामात आहे, नंतर करतो.' काकू तो निरोप चष्मा लावून दोनदा वाचायच्या, जणू त्यात आणखी काही लिहिलेलं असेल.

एकदा सकाळी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि आमच्या इन्व्हर्टरनंही मान टाकली. मी विझलो. पाच मिनिटं झाली नसतील, काकूंचा फोन वाजला. वरद!

"आई, डबा बंद आहे का?"

काकूंचा चेहरा असा उजळला की घरात लाइट आल्यासारखं वाटलं. खाली राहणाऱ्या मनकर्णाबाई तेव्हा विरजण मागायला आल्या होत्या. मनकर्णाबाई मूळच्या बिडकीनच्या. काकूंची आणि त्यांची अगदी घट्ट मैत्री. काकूंनी फोन ठेवल्या ठेवल्या त्यांना सांगितलं, "बघा, इथं लाइट गेली अन् त्याला तिथं कळलं."

"व्हय?" मनकर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. "म्हंजी पोराचा जीव इथंच गुतलाय म्हना की! न्हाय तर आमचा शिवराज. शेजारच्या खोलीत बसून बी त्याला मी हाक मारल्याली कळत नाय."

काकू दिवसभर हसऱ्या होत्या. आणि मी? मला खरं काय ते माहीत होतं. तिकडे ऐन रंगात आलेली मालिका अर्ध्यावर थांबली होती. पण मला तोंड कुठे होतं?

त्यानंतर एकदा झाडताना काकूंचा हात चुकून बटनावर पडला. पुन्हा वरदचा फोन. काकू चपापल्या. फोन झाल्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्या हाताला एक दोरी लागली आहे, आणि तिचं दुसरं टोक थेट मुलाच्या घरात आहे.

पण दिवा मुद्दाम विझवायचा म्हणजे त्यांच्या लेखी पाप. म्हणून त्यांनी खूप दिवस हात आवरला. शेवटी आपल्या वाढदिवसाला, सकाळचे नऊ वाजले तरी कुणाचा निरोप नाही म्हटल्यावर, त्यांनी देवघराकडे बघून हात जोडले आणि माझं बटन बंद केलं. फोन आला. वाढदिवसाचं त्याला आठवलं नाही, पण आवाज तरी ऐकायला मिळाला. पुढे मग असं अधूनमधून व्हायला लागलं. फार नाही. अगदीच राहवलं नाही की.

एका उन्हाळ्यात काकूंनी आमरस केला होता. वरदला आमरस फार आवडायचा. संध्याकाळी वाट्या भरता भरता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या हात पुसत आल्या आणि मला विझवून फोन घेऊन बसल्या. फोन लगेच वाजला, पण या वेळी सून होती.

"आई, अहो डबा! पटकन चालू करा ना. फायनल आहे, शेवटची ओव्हर राहिलीय. घरी सगळे मित्र जमलेत."

"फायनल?" काकू गोंधळल्या. "अगं, हा तर आपल्या व्हिडिओ कॉलचा डबा आहे."

"कॉलचा नाही हो! त्याच्यावर तर इथला आमचा टीव्ही चालतो. इंडियातलं सगळं त्याच्यातूनच दिसतं आम्हाला. वरदनं सांगितलं नाही तुम्हाला?"

मागून गलका ऐकू आला. मग वरदनं फोन घेतला. "आई, आधी बटन दाब, मग बोलू."

काकूंनी बटन दाबलं. माझा दिवा लागला. तिकडे सामना पुन्हा सुरू झाला, ते मलाच ठाऊक. मग बोलू म्हणालेला वरद त्या दिवशी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वाटीतला रस काळा पडला.

व्यंकटरावांच्या लक्षात सगळं आलं होतं. ते म्हणाले, "अगं, सारी नोकरी हेच पाहिलं मी. कालवा गावाच्या उशाशी, अन् पाणी सगळं टेलच्या, पार शेवटच्या शेताला. आपण नुसते पाटकरी. दार उघडायचं, दार लावायचं." आणि ते स्वतःच मोठ्यानं हसले. काकू हसल्या नाहीत. व्यंकटरावांचंही हसू मग तसंच तोंडावर राहून गेलं.

त्या आठवड्यात काकूंनी मला पुसलं नाही. माझ्यावर धुळीचा थर बसला आणि तो मला बोचत होता. त्यांना फसवणारा मी नव्हतो, पण फसवायला वापरला गेलेला मीच होतो. मग एका सकाळी तो साडीचा तुकडा पुन्हा आला. माझ्या पाठीवरून फिरला. काकू व्यंकटरावांना म्हणत होत्या, "जाऊ द्या. इथलं काहीतरी त्याला लागतंय ना अजून? मग लागू द्या."

आईचं मन असं असतं, मित्रांनो. फसवणुकीतही ती आपल्या मुलाची काहीतरी गरज शोधून काढते आणि तिच्यावर दिवस काढते.

आता मात्र त्या जाणूनबुजून मला बंद करायला लागल्या. पूर्वीसारखे हातही जोडायच्या नाहीत. वरद वैतागायला लागला.

"आई, तू मुद्दाम बंद करतेस का?"

"नाही रे. लाइट गेलीय."

तेवढ्यात व्यंकटरावांनी स्वयंपाकघरात शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर सुरू केला. तो असा काही घरघरला की कॅनडापर्यंत पोचला. मग वरद म्हणाला, "बरं." फक्त तेवढंच. काकू ओशाळल्या आणि त्यांनी व्यंकटरावांवर राग काढला. "तुम्हाला आत्ताच कुटायचे होते का शेंगदाणे?" त्यानंतर लाजेनं त्यांनी माझ्या बटनाला हात लावणं सोडून दिलं.

त्या 'बरं'चा अर्थ मला दिवाळीत कळला. एका सकाळी वरदचा टीव्ही माझ्याकडे आलाच नाही. मला वाटलं, आजारी असेल. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, गावाला गेला असेल. मग मी आमच्या त्या गुप्त वाटेनं थोडं पुढे जाऊन पाहिलं. त्याच्या बाजूचं दार त्यानं कायमचं लावून घेतलं होतं. त्याला माझी गरज उरली नव्हती. दुसरं काहीतरी त्यानं शोधलं होतं.

त्यानं मला सोडलं याचं मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं तापून तापून काम केलं, निदान एक निरोप तरी. पण खरा जीव तळमळला तो वेगळ्याच गोष्टीनं. माझा हिरवा दिवा जळतच होता. तो फक्त मी जिवंत आहे एवढंच सांगतो, माझ्यातून कुणी जातंय-येतंय का ते सांगत नाही. आणि काकू तो दिवा बघून रोज खुशीत चहाला आधण ठेवत होत्या. लाइट गेली की व्यंकटराव पंखा बंद करत होते. गंगापूरच्या भावानं दिवाळीनंतर राहायला बोलावलं तर काकू म्हणाल्या, "आम्हाला दोघांना नाही जमायचं रे दादा, घर सोडता येत नाही." मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, जा, काकू, जा! आता राखायला काही उरलं नाही! पण डब्याचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

वैशाखात व्यंकटरावांची पंचाहत्तरी येत होती. गुरुजींनी शांतीचा मुहूर्त काढून दिला. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं, पाहुणे बोलवायचे, जेवणावळ करायची. काकूंच्या मनात एकच गोष्ट होती. वरद आणि मृण्मयी आले पाहिजेत. "त्याच्याशिवाय पाटावर बसण्यात काय अर्थ आहे?" त्या म्हणायच्या. व्यंकटराव वरवर म्हणायचे, "नाही आला तर नाही आला. त्यानं येऊन माझं वय कमी होणार आहे का?" पण एक दिवस त्यांनी कपाटातून वरदचं मुंजीनंतर घेतलेलं रेशमी सोवळं काढलं, गॅलरीत उन्हात टाकलं आणि डाग नाही ना, ते उजेडात धरून पाहिलं. ते मी पाहिलं आणि काकूंनीही पाहिलं.

काकूंनी वरदला फोन लावले. तो उचलेना. निरोप यायचा, 'नंतर करतो.' जो तो विचारत होता, वरद येतोय ना? काकू सांगायच्या, विचारून सांगते. दिवस जवळ यायला लागले.

मग एका सकाळी काकू नेहमीपेक्षा लवकर माझ्यापुढे आल्या. आंघोळ झालेली, केस ओले. आजवर आवाज ऐकण्यासाठी त्यांनी मला विझवलं होतं. आज त्यांना उत्तर हवं होतं. फोन मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी माझं बटन बंद केलं.

त्या वाट बघत राहिल्या.

फोन वाजला नाही. त्यांनी आवाज मोठा केला आहे ना ते तपासलं. मला चालू केलं, पुन्हा बंद केलं. बटन नीट बसलं नसेल म्हणून अंगठ्यानं दाबून धरलं. काकू, नका हो, मी म्हणत होतो. पलीकडे कुणी नाही.

खालून मनकर्णाबाईंची हाक आली. "वहिनीऽ, नळाला पानी आलंय! मोटर लावली न्हाय का तुमी?"

आमच्याकडे नळाला पाणी आलं की बाकी सगळं सोडून धावायचं असतं. ते पुन्हा कधी येईल ते देवाला ठाऊक. पण काकू जागच्या हलल्या नाहीत. "थांबा जरा," त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं, "वरदचा फोन येऊ राहिलाय."

व्यंकटराव फिरायला गेले होते. पाणी आलं तसं गेलं. टाकी कोरडी राहिली. शेवटी काकूंनीच फोन लावला, आणि त्या दिवशी नवल म्हणजे वरदनं तो उचलला.

"बोल आई. सगळं ठीक ना?"

"अरे, डबा बंद आहे," काकू म्हणाल्या.

"कोणता डबा?"

काकूंनी माझ्या विझलेल्या दिव्याकडे पाहिलं. "टीव्हीजवळचा. हिरव्या दिव्याचा."

"अच्छा, तो होय!" वरद हसला. आवाजात राग नव्हता, लबाडी नव्हती, अगदी साधा हसला. "अगं, तो आता नाही लागत. तिकडे सारखा बंद पडायचा ना, म्हणून मी दिवाळीतच दुसरी सोय केली टीव्हीवर. तुला सांगायचं राहिलंच बघ. काढून टाक तो, नाहीतर देऊन टाक कुणाला."

"दिवाळीत," काकू म्हणाल्या.

"हो ना. बरं, आणि काय?"

"बाबांची पंचाहत्तरी आहे. तुम्ही येऊ राहिलात ना?"

"आई, या वेळी जरा अवघड दिसतंय गं. तुम्ही व्हिडिओ कॉल लावा ना, इथून सगळं दिसेल आम्हाला. मी नंतर बोलतो, हं?"

"जेवलास का?" काकूंनी विचारलं. पण फोन ठेवला गेला होता.

त्या रडल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत प्रेरणाचं लग्न होतं, भावाचा अबोला होता, उन्हाळ्यातला बंद पंखा होता. मला ती नजर चुकवता आली नाही, कारण मला वळायला मान नाही.

तेवढ्यात दार वाजलं. व्यंकटराव फिरून आले होते आणि त्यांच्यामागे मनकर्णाबाई, दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बादल्या घेऊन. "टाकी तर भरली न्हाय तुमची. म्हनलं सैपाकापुरतं तरी द्यावं," त्या बादल्या ठेवता ठेवता म्हणाल्या. मग पदरानं घाम टिपत त्यांनी विचारलं, "आला का वो फोन वरदचा?"

व्यंकटराव चप्पल काढता काढता थांबले. ते काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आला ना," काकू म्हणाल्या. "येऊ राहिलाय. दोघंही येऊ राहिलेत."

"देव पावला बाई!" मनकर्णाबाई म्हणाल्या. व्यंकटरावांचा चेहरा इतका खुलला की काकूंनी पटकन बादली उचलली आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मित्रांनो, मी जुना झालो, माझं काम संपलं, मला काढून टाका. अडगळीत टाका, भंगारात घाला, माझी तक्रार नाही. वस्तूंचं तेच होतं. पण ज्या माणसांना तुम्ही दिवा राखायला बसवलंय, त्यांना तो दिवा आता नको आहे हे सांगायला विसरू नका. एक वाक्य लागतं त्याला. आणि घरी फोन करायला काहीतरी बंद पडायची वाट बघू नका. सगळं नीट चालू असताना करा. काही काम नसताना करा.

पंचाहत्तरी चार दिवसांवर आली आहे. काकूंनी आचाऱ्याला जेवणाऱ्यांचा आकडा सांगितला तेव्हा त्यात मुलाचं आणि सुनेचं पान धरलं. व्यंकटराव रोज सकाळी उठून त्यांना विचारतात, "विमानतळावर घ्यायला कधी जायचं गं?" आणि काकू रोज सांगतात, "कळवतो म्हणालाय." तुमच्यापैकी कुणाची वरदशी ओळख असेल, तर कृपा करून त्याला एवढं सांगा, की इथं त्याच्या आईला आता काही सुचत नाहीये.